बाल्कनीतलं तळं आणि सासूबाईंचा नकार

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वाचक लिहितात की, मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिल्यापासून बाल्कनीत छोटं तळं करायचं त्यांच्या मनाने घेतलं आहे. एक टब, वर कमळं, खाली मासे; पंप नको, फिल्टर नको, 'देखभाल शून्य'. बाल्कनी पूर्वेची, ऊन सकाळी दहा-साडेदहापर्यंत. माहेरून आलेलं आजीचं तांब्याचं घंगाळ माळ्यावर पडून आहे, ते या निमित्ताने वापरात यावं अशीही इच्छा आहे. नवऱ्याला कोई मासे हवेत, सात वर्षांच्या मुलाला गोल्डफिश. सासूबाई मात्र ऐकायलाच तयार नाहीत. गेल्या पावसाळ्यात नातवाला डेंग्यू झाला होता, तेव्हा हॉस्पिटलात त्याच्या उशाशी त्याच बसून होत्या. 'घरात पाणी साठवून डास पाळायचे नाहीत,' हे त्यांचं शेवटचं वाक्य. त्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी 'खाली गळलं तर जबाबदारी तुमची' असं सुनावलं आहे. त्या विचारतात: आईंना कसं पटवू? की हा नाद सोडून देऊ?

उत्तर:

नाद सोडू नका. पण 'आईंना कसं पटवू' हा प्रश्न मात्र थोडा बाजूला ठेवा. तुमच्या पत्रात 'आई जुन्या वळणाच्या आहेत, त्यांना हौस कळत नाही' असं एक वाक्य आहे. मला ते पटलं नाही. डासांच्या बाबतीत तुमच्या सासूबाई त्या व्हिडिओवाल्यापेक्षा जास्त बरोबर आहेत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात वाढत नाही. त्याला आपल्या घरातलं साठलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं. कुंडीखालची बशी, कूलरची टाकी, फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली ही त्याची ठिकाणं. उबदार हवेत अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंतचा प्रवास आठ-दहा दिवसांत होतो. आरोग्य खातं 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' म्हणतं ते याच हिशोबाने, चक्र पूर्ण व्हायच्या आत पाणी ओतून द्यायचं.

आता अडचण अशी की तळ्याला कोरडा दिवस पाळता येत नाही. मग त्या पाण्यात अळ्या खाणारं कोणीतरी कायम हवं. म्हणून 'आधी नुसत्या वनस्पती ठेवू, मासे नंतर बघू' ही तडजोड तुमच्या घरी कोणी सुचवली, तर ती मान्य करू नका. दिसायला ती सावध वाटते, पण बिनमाशांचा टब हाच खरा धोका आहे. मासे असलेल्या, पृष्ठभाग मोकळा असलेल्या टबात एडिसची मादी अंडी घालेलही, पण त्यातल्या अळ्या मोठ्या होण्याआधीच पोटात जातात. सासूबाईंना हे सांगा, पण वाद जिंकण्यासाठी नको. त्यांना हवी असलेली गोष्ट आणि तुम्हाला हवी असलेली गोष्ट एकच आहे, एवढं कळावं म्हणून सांगा.

मासे कोणते, हा पुढचा प्रश्न. कोई विसरा. तो कार्प जातीचा मासा आहे, दोन फुटांपर्यंत वाढतो, त्याला हजारो लिटर पाणी आणि दणकट फिल्टर लागतो. दुकानात बोटभर दिसतो म्हणून फसायला होतं. गोल्डफिशचंही टबात नीट जमत नाही. तो वितभर होतो, मुळं उकरतो, कोवळी पानं कुरतडतो आणि आकाराच्या मानाने घाण फार करतो. फिल्टर नसलेल्या साठ लिटरमध्ये दोन गोल्डफिश ठेवले, तर महिनाभरात पाण्याला वास येऊ लागेल आणि 'तळी-बिळी आपल्याला जमत नाहीत' असा निष्कर्ष घरात निघेल. नवऱ्याला हे समजावणं सासूबाईंपेक्षा अवघड जाईल असा माझा अंदाज आहे.

तुमच्यासाठी गप्पी बरे. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी हिवताप विभाग किंवा आरोग्य केंद्र गप्पी मासे फुकट देतं, त्यासाठी त्यांची पैदास केंद्रंही असतात. एकदा चौकशी करा. दुकानातून घेणार असाल तर सगळे नर मागा. नर लहान आणि रंगीत शेपटीचा असतो. मादी मोठी, फिकट, पोटाच्या मागच्या बाजूला काळसर डाग असलेली. एक मादी जरी आली तरी साधारण महिन्या-महिन्याला पिल्लं होतात, आणि नर काढून टाकले तरी होत राहतात, कारण ती शुक्राणू साठवून ठेवते. साठ लिटरला पाच-सहा नर पुरेत. मुलाला रंग हवेत, ते यात मिळतील.

आपल्याकडचाच मासा हवा असेल तर पट्टेदार पँचॅक्स बघा. पश्चिम घाटातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत तो सापडतो. डोक्यावर मधोमध एक चमकता ठिपका असतो, वरून पाहिलं की तोच आधी दिसतो. पाण्याच्या अगदी वरच्या थरात राहतो, त्यामुळे अळ्या टिपण्यात पटाईत. दोन खोडी आहेत. एक, उडी मारतो, टबाचा काठ पाण्यापेक्षा चार बोटं तरी वर हवा आणि वर जाळी हवी. दुसरी, तोंडात मावेल तो मासा तो खातो, त्यामुळे गप्पी आणि पँचॅक्स एकत्र ठेवू नका. ओढ्यातून पकडून आणण्यापेक्षा दुकानातून घ्या.

यापैकी कोणताही मासा नकोसा झाला तर नदीत, तलावात किंवा विहिरीत सोडायचा नाही. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा. डासांसाठी म्हणून जगभर सोडला गेला आणि बऱ्याच ठिकाणी तिथल्या माशांच्या मुळावर उठला. परत दुकानात द्या, किंवा ज्याच्याकडे टाकी आहे त्याला द्या.

घंगाळाचं सांगायला मला जड जातंय, पण त्यात मासे ठेवता येणार नाहीत. तांबं पाण्यात थोडं थोडं उतरतं आणि माशांना ते अगदी कमी प्रमाणातही विषारी असतं, गोगलगायींना तर त्याहून जास्त. पितळेतही तांबं असतंच. कल्हई केली तरी ती कुठे घासली गेली आहे हे आपल्याला कळत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका. शिवाय घंगाळात पाणी मावणार पंधरा-वीस लिटर, ते मे महिन्यात दुपारी नुसत्या हवेनेही तापेल. घंगाळ घासून-पुसून दाराशी ठेवा, रोज ताजं पाणी घाला, वर जास्वंद-झेंडूची फुलं सोडा आणि रात्री ते पाणी कुंड्यांना घाला. रोज रिकामं होणाऱ्या भांड्याला सासूबाईही हरकत घेणार नाहीत.

आता टब. इथे सेक्रेटरींचं म्हणणं मी तुमच्याइतकं उडवून लावणार नाही. गळतीपेक्षा वजनाचा विचार आधी करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. व्हिडिओत दिसतो तसा दोनशे लिटरचा टब भरला, त्यात माती आणि खडे पडले, की अडीच क्विंटलच्या आसपास जातो. राहत्या खोल्यांचे स्लॅब आपल्याकडे साधारण दर चौरस मीटरला दोनशे किलो चल भार (म्हणजे माणसं, सामान यांचं वजन) धरून आखले जातात. बाल्कनीसाठी थोडा जास्त धरतात, पण ती बहुतेक वेळा भिंतीतून बाहेर काढलेली असते, आणि जुन्या इमारतीत लोखंडाला किती गंज चढलाय हे वरून दिसत नाही. म्हणून तिसऱ्या मजल्यावर साठ-सत्तर लिटरच्या वर जाऊ नका. माती धरून तो ऐंशी-नव्वद किलो होईल, म्हणजे बाल्कनीत एक धिप्पाड पाहुणा कायमचा उभा. टब भिंतीला लागून ठेवा, कठड्याच्या टोकाला नको. याहून मोठा हवाच असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. गच्चीवर न्यायचा विचार असेल तर गच्ची सगळ्यांची असते, सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि वॉटरप्रूफिंगवर थेट टब टेकवू नका.

टब उथळ आणि पसरट घ्या. तोंड रुंद असलं की हवेतला ऑक्सिजन पाण्यात जास्त मिसळतो, आणि पंप न लावता चालतं ते त्यामुळेच. खोली मात्र फूटभर हवी. पूर्ण काळा टब उन्हात फार तापतो, फिकट रंगाचा किंवा बाहेरून गोणपाट गुंडाळलेला बरा. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम मावतो तो पस्तीसला सातवर येतो. उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर त्यांना भूक लागलेली नसते, श्वास कमी पडत असतो. तेव्हा खाणं बंद करा आणि तांब्याने पाणी उंचावरून ओतून खळबळवा. सिमेंटची कुंडी आवडली असेल तर ती नवीन असताना चुना सोडते. दोन-तीन आठवडे भरून-ओतून, भरून-ओतून मगच वापरा.

तुमच्या उन्हाचं काय? इथे व्हिडिओने तुम्हाला सरळ फसवलंय. कमळाला जवळपास दिवसभर ऊन लागतं. वॉटर लिलीचं पाच-सहा तासांवर भागतं. तुमच्याकडे मिळणार तीन-साडेतीन तास. लिली मरणार नाही, पानं देत राहील, पण फुलांसाठी डोळे लावून बसाल तर कंटाळून जाल. त्यापेक्षा या उन्हात आनंदाने वाढेल ते लावा. नीरब्राह्मी काठावरून खाली ओघळते आणि तिला निळसर-पांढरी बारीक फुलं येतात. वेखंड ओल्या मातीत सरळ उभा राहतो, पान चुरगाळलं की वास येतो. आणि अळू! अळूला पाय पाण्यात बुडलेले आवडतात, त्याची रुंद पानं माशांना सावली देतात. वड्यांपुरती पानं निघाली तर सासूबाईंचं मत मऊ होण्याची शक्यता आहे, पण त्या भरवशावर राहू नका. पाण्याच्या आत हॉर्नवर्ट आणि व्हॅलिस्नेरिया. दोन्ही आपल्याकडच्या तळ्यांत वाढणाऱ्या, आणि माशांच्या घाणीतला नायट्रोजन शोषून घेणाऱ्या.

तरंगणारं एखादं फूल हवंच असेल तर कुमुदिनी लावून बघा. कासच्या पठारावर ज्या तळ्याला तिचं नाव मिळालंय, तीच ही. पाकळ्यांना पांढरी झालर असते. ऊन कमी तशी फुलं कमी, एवढं गृहीत धरा. रोप नर्सरीतूनच आणा. कास संरक्षित आहे, तिथलं पानही तोडायचं नाही.

जलपर्णी आणि वॉटर लेट्यूस मात्र घरात आणू नका. पवना, मुळा-मुठा, पंचगंगा इथे जलपर्णीने काय केलंय हे तुम्ही पुलावरून जाता-येता पाहत असाल. टबापुरतं बोलायचं तर या तरंगत्या वनस्पती चार आठवड्यांत सगळा पृष्ठभाग झाकतात आणि पानांच्या बेचक्यांत पाण्याचे छोटे खळगे तयार होतात. मासा तिथे पोचत नाही, अळी पोचते. पृष्ठभाग निम्मा झाकलेला आणि निम्मा मोकळा असावा.

कुंड्या भरताना शेणखत, गांडूळखत, कोकोपीट यातलं काही वापरू नका. खत पाण्यात कुजून अमोनिया सोडतं आणि कोकोपीट वर तरंगतं. साधी चिकट बागेची माती घ्या, वर धुतलेल्या बारीक खड्यांचा बोटभर थर द्या आणि कुंडी तिरकी धरून हळूहळू बुडवा, म्हणजे हवेचे बुडबुडे निघून जातात आणि पाणी गढूळ होत नाही.

पाणी नळाचं चालेल, पण त्यात क्लोरीन असतो. एक-दोन दिवस उघडं ठेवलं की बहुतेक निघून जातो. घाई असेल तर दुकानात अँटीक्लोरीन मिळतं, बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला. टब भरून, रोपं बसवून, वर मच्छरदाणीचं कापड इलॅस्टिकने घट्ट ताणून आठवडाभर तसाच ठेवा. मग दोनच मासे सोडा. दुकानातली पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवा, मधूनमधून तिच्यात टबातलं पाणी घाला, मग जाळीने मासा उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टबात ओतू नका. बाकीचे मासे महिन्याने. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर, मुळांवर जम बसवायला चार-सहा आठवडे घेतात. पहिल्याच रविवारी सहा मासे सोडले तर ते आपल्याच घाणीत गुदमरतात, आणि रडणाऱ्या मुलाला समजावायला तुम्हालाच बसावं लागतं.

या महिन्यात पाणी एकदा हिरवं होणारच. घाबरून सगळं पाणी ओतू नका, ओतलंत की टबाची बसत आलेली घडी पुन्हा विस्कटते. मासे कमी, खाणं त्याहून कमी, झाडं भरपूर, एवढं सांभाळलं की झाडं शेवाळाचं अन्न पळवतात आणि पाणी आपोआप निवळतं. तळ दिसत नाही म्हणजे पाणी घाण असं नसतं. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल तेवढंच. हे काम मुलाकडे द्या, पण डबा तुमच्याकडे ठेवा. आठवड्याला दोन बादल्या पाणी काढून कुंड्यांना घाला आणि तेवढंच मुरवलेलं, म्हणजे एक-दोन दिवस उघडं ठेवलेलं, पाणी भरा. 'देखभाल शून्य' म्हणतात ती एवढी, आठवड्याची वीस मिनिटं.

सुरुवातीला फेब्रुवारी उत्तम. पुण्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री एवढ्याशा टबातल्या गप्पींना सोसत नाहीत, आणि ऐन मे महिन्यात सुरू केलं तर झाडं रुजायच्या आत पाणी तापतं. फेब्रुवारीत लावलं की पावसाळा येईपर्यंत, म्हणजे सासूबाईंच्या काळजीचे महिने सुरू होण्याआधी, टब स्थिरावलेला असेल.

त्यांच्याशी बोलताना माझी एक सूचना आहे. दर रविवारी घरातल्या सगळ्या साठलेल्या पाण्याची पाहणी त्यांनी आणि नातवाने मिळून करावी. हातात बॅटरी, सोबत पांढरी वाटी. वाटीने टबाच्या काठचं पाणी उचलायचं आणि उजेडात धरायचं. अळी असेल तर ती डोकं खाली करून लटकलेली दिसते आणि वाटी हलली की वळवळत तळाशी जाते. टबात अळी सापडली, तर तळं बंद करायचा अधिकार त्यांचा, हे आधीच कबूल करा. हा मी देखावा म्हणून सांगत नाही. रोज त्या बाल्कनीत त्या दिवसभर असतात, तुम्ही ऑफिसात असता. टबावर खरी नजर त्यांचीच राहणार आहे. आणि माझी खात्री आहे की त्या वाटीत अळी सापडलीच तर टबातली नसेल, तुळशीखालच्या बशीतली असेल. बशा आताच काढून टाका.

सोसायटीत धूरफवारणी होते त्या दिवशी टब प्लास्टिकने झाका, धूर विरला की लगेच काढा. फवारणीत सहसा पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात, माणसाला त्यांचा फारसा त्रास नसला तरी माशांचा जीव जातो. घरात पेस्ट कंट्रोल करतानाही हेच. कबुतरांची जाळी बहुधा तुमच्याकडे लावलेली असेलच. नसेल तर लावा, कबुतरं पाणी पिऊन वर विष्ठा टाकतात.

खाली जमिनीवर घर असलेल्या वाचकांनी दोनशे लिटरचा टब खुशाल ठेवावा, ऊन असेल तर लिली लावावी, पण पावसात ओसंडणाऱ्या पाण्याबरोबर मासे गटारात जाऊ नयेत म्हणून काठाखाली एक भोक पाडून त्याला जाळी लावावी. खंड्या आणि मांजर यांना पत्ता लागायला वेळ लागत नाही, लपायला एक फुटकं मडकं आडवं टाकून द्या. आणि घरी किंवा शेजारी रांगतं, नुकतं चालायला लागलेलं मूल असेल तर पाण्याच्या अगदी वर घट्ट बसणारी मजबूत जाळी हवीच. ती बसवता येत नसेल तर मूल मोठं होईपर्यंत तळं नको. वीतभर पाणीही त्या वयाला पुरतं. यात मी कोणाचंही 'आमचं लक्ष असतं' ऐकणार नाही.

सुट्टीत आठवडाभर गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना माशांना खायला घालायला सांगू नका, ते प्रेमाने मूठभर घालतात. स्थिरावलेल्या टबात मासे तेवढे दिवस सहज काढतात. उन्हाळ्यात आठवड्याला दोन-तीन बोटं पाणी उडून जातं, तेवढं निघण्याआधी भरून जा. आणि वर्षभराने वाटलं की हे आपल्याला झेपत नाही, तर मासे परत द्या, झाडं कुंड्यांत लावा आणि रिकामा टब ठेवून देण्याआधी आतून काथ्याने खसखसून घासा. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडूनही महिनोन्महिने जिवंत राहतात, आणि पुढच्या पावसाचं पाणी लागलं की उबतात.